कमी उत्पन्नाच्या देशांतील सार्वजनिक आरोग्यसेवा: मर्यादित पैसा प्रथम कुठे लावावा?

प्रश्न – पायवाट

आमच्या अभ्यासगटासाठी मी कमी उत्पन्नाच्या देशांतील सरकारी आरोग्यसेवेवर एक टिपण तयार करत आहे. जागतिक बँकेच्या वर्गवारीनुसार ज्यांचे दरडोई वार्षिक उत्पन्न साधारण अकराशे डॉलरच्या आत आहे असे पंचवीसेक देश या गटात मोडतात आणि त्यांतील बहुसंख्य आफ्रिकेत आहेत. तेथील परिस्थितीची कल्पना एकाच आकड्यावरून यावी: २०२३ मध्ये या देशांत दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३४६ मातांचा मृत्यू झाला, तर श्रीमंत देशांत हेच प्रमाण १० होते.

पैशाची बाजूही तितकीच तोकडी आहे. अर्थशास्त्रज्ञ जेफ्री सॅक्स यांच्या अध्यक्षतेखालील जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २००१ मध्ये अत्यावश्यक सेवांसाठी दरडोई वर्षाला ३४ डॉलर लागतील असा हिशेब मांडला होता. आज या देशांत आरोग्यावर होणारा एकूण खर्च दरडोई चाळीस डॉलरच्या आसपास आहे. वरकरणी तो पुरेसा वाटतो, पण त्यातील मोठा वाटा रुग्णांनी स्वतःच्या खिशातून भरलेल्या पैशांचा आणि परदेशी मदतीचा आहे. सरकारी तिजोरीतून येणारी रक्कम जेमतेम पाव हिश्शाएवढी भरते आणि मधल्या दोन दशकांत डॉलरची क्रयशक्तीही बरीच घसरली आहे.

माझ्यापुढे तीन अडचणी आहेत. जिल्ह्याला एक सुसज्ज रुग्णालय बांधावे की तेवढ्याच पैशात गावोगावी प्रशिक्षित सेवक नेमावेत, हा पहिला प्रश्न. रुग्णांकडून घेतले जाणारे शुल्क पूर्णपणे माफ करावे की थोडे ठेवावे, हा दुसरा. आणि पगार घेणारे कर्मचारी केंद्रावर हजरच नसतील तर काय करावे, हा तिसरा. सर्वसाधारण तत्त्वे अहवालांत भरपूर सापडतात, त्यामुळे ती नकोत. कोणत्या देशाने काय केले आणि ते का साधले किंवा का फसले, हे कुणी सांगू शकले तर फार उपयोग होईल.

उत्तर १ – हिशेबनीस

आपल्या पहिल्या प्रश्नाची मांडणी थोडी बदलून पाहावी असे सुचवतो. रुग्णालय की सेवक यापेक्षा एकदाच करावयाचा खर्च आणि दरवर्षी करावा लागणारा खर्च असा भेद केला की बऱ्याच गोष्टी उलगडतात. इमारत, रुग्णवाहिका, क्ष-किरण यंत्र हे सारे एकदाच विकत घेता येते, त्याची फीत कापता येते आणि देणगीदाराच्या वार्षिक अहवालात त्याचे छायाचित्र छापता येते. परिचारिकेचा पगार, जनरेटरचे डिझेल, यंत्राचे सुटे भाग, पर्यवेक्षकाच्या मोटारसायकलचे पेट्रोल हे मात्र दर महिन्याला लागते आणि त्याची फीत कुणी कापत नाही. म्हणूनच अनेक गरीब देशांत चांगल्या इमारती उभ्या दिसतात आणि आत जाऊन पाहिले तर खाटा रिकाम्या, यंत्रावर धूळ आणि औषधांच्या कपाटाला कुलूप असते. कोणत्याही भांडवली प्रस्तावापुढे मी एकच प्रश्न लिहीत असे: पाचव्या वर्षी याचा खर्च कोण भरणार? निम्मे प्रस्ताव तेथेच अडखळतात.

मलावीचे उदाहरण पाहावे. या शतकाच्या सुरुवातीला तेथील परिचारिका मोठ्या संख्येने परदेशी किंवा खासगी संस्थांकडे निघून जात होत्या आणि एड्सच्या साथीने मागे राहिलेल्यांवर कामाचा डोंगर लोटला होता. २००४ मध्ये सुरू झालेल्या आपत्कालीन मनुष्यबळ कार्यक्रमात आरोग्य कर्मचाऱ्यांच्या पगारात ५२ टक्के भर घालण्यात आली आणि प्रशिक्षण संस्थांची क्षमता वाढवण्यात आली. सरकारी पगार हा नेहमीचा, आवर्ती खर्च. परदेशी मदत त्यासाठी वापरू नये असा त्या काळचा दंडक होता. देणगीदारांनी तो मोडला आणि कर्मचाऱ्यांची संख्या लक्षणीय वाढली. अडचण एवढीच, की मदतीचा ओघ आटला की तो पगार सरकारला स्वतः द्यावा लागतो, आणि त्याची तयारी पहिल्या वर्षापासून केली नसेल तर माणसे पुन्हा निघून जातात.

गावपातळीवरील सेवकांच्या बाबतीत इथिओपियाचा अनुभव सर्वाधिक अभ्यासण्याजोगा आहे. २००३ मध्ये तेथे आरोग्य विस्तार कार्यक्रम सुरू झाला. सर्वांत लहान प्रशासकीय घटकाला, म्हणजे केबेलेला, दोन सेविका, एक छोटे आरोग्य ठाणे आणि लसीकरणापासून शौचालयापर्यंत ठरवून दिलेली १६ कामे, अशी त्याची रचना होती. सेविका त्याच भागातील, शाळा शिकलेल्या तरुणी असत आणि त्यांना वर्षभराचे प्रशिक्षण मिळे. मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही की त्या स्वयंसेविका नव्हत्या. त्या सरकारी पगारावर होत्या. काही वर्षांत त्यांची संख्या तीस हजारांच्या पुढे गेली. पाच वर्षांखालील मुलांचा मृत्युदर २००५ च्या पाहणीत हजारी १२३ होता, तो २०१६ मध्ये ६७ झाला. याचे सारे श्रेय सेविकांना देणे योग्य नाही, कारण त्याच काळात मच्छरदाण्या, नव्या लसी, रस्ते आणि शेतीचे उत्पन्न यांतही फरक पडला होता. मात्र घरापर्यंत पोहोचणारे माणूस नसते तर त्या मच्छरदाण्या आणि लसी गोदामातून किती बाहेर पडल्या असत्या, हा प्रश्न उरतोच. पुढे त्याच देशात सेविकांच्या मदतीला विनामोबदला काम करणाऱ्या स्त्रियांची मोठी फळी उभारली गेली आणि तेथे उत्साह टिकवणे अवघड गेले. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा सेवकांना कामाच्या प्रमाणात मोबदला द्यावा असे स्पष्ट म्हटले आहे.

परदेशी मदतीबद्दल आणखी एक मुद्दा. आफ्रिकी देशांच्या प्रमुखांनी २००१ मध्ये अबुजा येथे अर्थसंकल्पाच्या १५ टक्के रक्कम आरोग्याला देण्याचे ठरवले होते. ते लक्ष्य फार थोड्या देशांनी आणि तेही अधूनमधूनच गाठले. उरलेली पोकळी एकेका रोगासाठी आलेल्या मदतीने भरून निघत गेली. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत थांबवली आणि त्याच वर्षी तिची विकाससंस्थाही बंद केली, तेव्हा जेथे एचआयव्हीच्या औषधांबरोबर समुपदेशकाचा पगार, प्रयोगशाळेतील रसायने आणि नमुने वाहून नेण्याचा खर्चही त्याच एका झऱ्यातून येत होता तेथे सगळेच एकदम धोक्यात आले. म्हणून आपल्या टिपणात मदत किती आली याबरोबर ती कोणत्या खर्चाला बांधलेली आहे, याचाही रकाना ठेवावा.

उत्तर २ – शीतसाखळी

मी औषधे आणि लसी यांच्या पुरवठ्याचे काम पाहिलेले आहे, त्यामुळे हिशेबनीस यांच्या मुद्द्याला पुढे नेतो. लोक सरकारी केंद्रावर का येत नाहीत असे विचारले की अंतर, अज्ञान, श्रद्धा अशी कारणे पुढे केली जातात. माझ्या मते पहिले कारण त्याहून साधे आहे: दोन तास चालत आल्यावर औषध मिळेल याची खात्री नसते. एकदा रिकाम्या हाताने परतलेली आई पुढच्या वेळी मुलाला ताप आला की थेट फिरत्या औषधविक्रेत्याकडे जाते, आणि तिचे काही चुकते असे म्हणता येत नाही.

तुटवड्याचे कारण दर वेळी पैशाची कमतरता हेच नसते. बहुतेक देशांत केंद्राने महिन्याला किंवा तिमाहीला मागणीपत्र भरून वर पाठवायचे अशी पद्धत असते. ते भरायचे कुणी, तर सकाळपासून रुग्ण तपासून दमलेल्या परिचारिकेने. मागच्या महिन्याचा सरासरी वापर काढायचा, शिल्लक वजा करायची, राखीव साठा मिळवायचा, आणि ज्या महिन्यात औषध संपलेलेच होते त्या महिन्याचा वापर शून्य दिसतो म्हणून तो वगळायचा. ही शेवटची पायरी चुकली की पुढची मागणी कमी जाते, साठा आणखी लवकर संपतो आणि वापर आणखी कमी दिसतो. कागदावर सारे सुरळीत असते आणि कपाट मात्र रिकामे राहते.

सेनेगलमध्ये गर्भनिरोधकांच्या बाबतीत हे ओझेच काढून घेण्यात आले. मागणीपत्राची वाट न पाहता पुरवठादाराचा माणूस गाडीत साठा घालून ठरावीक दिवशी केंद्रावर येतो, कपाटातील डबे स्वतः मोजतो, ठरलेल्या पातळीपर्यंत भरतो आणि केंद्राकडून केवळ वापरल्या गेलेल्या मालाचे पैसे घेतो. परिचारिकेला हिशेब करावा लागत नाही, केंद्राला आगाऊ पैसे गुंतवावे लागत नाहीत आणि खऱ्या वापराची नोंद आपोआप वर जाते. जेथे ही पद्धत प्रथम आजमावली गेली तेथील तुटवडा काही महिन्यांतच जवळजवळ नाहीसा झाला. औषधे तीच होती आणि केंद्रेही तीच होती. मोजण्याचे काम तेवढे दुसऱ्याकडे गेले.

लसींच्या बाबतीत थोडे तपशिलाने लिहितो, कारण धोरणाच्या चर्चेत हे सुटते. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात. उष्णतेने लस बिघडते हे सर्वांना ठाऊक असते, आणि त्यावर उपायही चांगला निघाला आहे: कुपीवरील लेबलवर एक वर्तुळ आणि त्याच्या आत फिकट चौकोन असतो, उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो आणि वर्तुळाच्या रंगाचा किंवा त्याहून गडद झाला की कुपी फेकायची. वाचता न येणाऱ्यालाही हे समजते. गोठण्याचे मात्र तसे नाही. पंचसंयोजी (पाच रोगांविरुद्धची एकत्रित) लस किंवा हेपॅटायटिस-बीची लस गोठली की निकामी होते, आणि कुपीवरचा चौकोन त्याबद्दल काहीच सांगत नाही. बर्फाच्या पिशव्या थेट शीतकपाटातून काढून त्यांना चिकटून कुपी ठेवली, तर उन्हातान्हात चालत जाऊन अत्यंत प्रामाणिकपणे दिलेली लसही वाया गेलेली असू शकते. बर्फाची पिशवी आधी बाहेर ठेवून तिच्यात पाणी हलताना ऐकू येऊ लागले की मगच ती डब्यात भरावी, एवढे शिकवायला पैसे लागत नाहीत, परंतु शिकवणारा पर्यवेक्षक तेथे पोहोचावा लागतो. बॅटरीशिवाय थेट सौरऊर्जेवर चालणारी नवी शीतकपाटे आल्यापासून रॉकेलच्या कपाटांची कटकट बरीच कमी झाली आहे. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखणारे ऑक्सिटोसिनही थंड ठेवावे लागते, हे मात्र अनेक ठिकाणी विसरले जाते; लसींच्या कपाटात ते ठेवू दिले जात नाही, कारण कपाट दुसऱ्या कार्यक्रमाचे असते.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. आफ्रिकी देशांतील १९८७ च्या बामाको उपक्रमाची कल्पना अशी होती की रुग्णांनी औषधाची थोडी किंमत द्यावी आणि त्या पैशातून पुढचा साठा घ्यावा. काही ठिकाणी त्यामुळे कपाटे भरली, पण सर्वांत गरीब माणूस दाराबाहेर राहिला. थोडी किंमत लावली की लोकांना वस्तूची कदर राहते असे म्हटले जाते. केनियामध्ये गरोदर स्त्रियांना मच्छरदाणी देताना हे तपासले गेले. फुकट असलेल्या मच्छरदाणीला ६० सेंट किंमत लावताच ती घेणाऱ्यांचे प्रमाण ६० टक्के बिंदूंनी घसरले, आणि फुकट घेणाऱ्यांनी ती कमी वापरली असेही दिसले नाही. त्यामुळे प्रतिबंधक सेवांवर शुल्क नसावे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

उपचारांच्या बाबतीत युगांडाकडून एक धडा घ्यावा. २००१ मध्ये तेथे सरकारी केंद्रांवरील शुल्क रद्द झाले आणि गरिबांची ये-जा स्पष्टपणे वाढली. परंतु गरीब कुटुंबांवर आजारपणामुळे कोसळणारा खर्च अपेक्षेप्रमाणे कमी झाला नाही, कारण केंद्रावर औषध नसले की चिठ्ठी घेऊन बाहेरच्या दुकानात जावे लागे. सिएरा लिओनने २७ एप्रिल २०१० रोजी गरोदर व स्तनदा माता आणि पाच वर्षांखालील मुले यांच्यासाठी सेवा मोफत केली, तेव्हा आधी पगार वाढवले, पगारपत्रकावरील बनावट नावे काढली आणि औषधांची खरेदी केली. ही क्रमवारी योग्य होती. तरीही पुढे पुरवठा अडखळतच राहिला. शुल्कमाफीची घोषणा एका दिवसात होते, पण वाढलेल्या गर्दीला पुरेल एवढा साठा उभा करायला वर्ष लागते. ते वर्ष आधी काढावे, नंतर नव्हे.

उत्तर ३ – निरीक्षक

तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. सहा देशांत अचानक भेटी देऊन केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आरोग्य कर्मचाऱ्यांची गैरहजेरी सरासरी ३५ टक्के आढळली होती; त्यांत युगांडा आणि बांगलादेश हे दोन्ही देश होते. हा आकडा वाचून सगळ्यांना कामचुकार ठरवण्याची घाई करू नये. गैरहजर असलेल्यांतील काही जण जिल्ह्याच्या ठिकाणी पगार आणायला गेलेले असतात आणि काही प्रशिक्षणाला. प्रशिक्षणाचा दैनिक भत्ता कधीकधी पगाराच्या तुलनेत एवढा मोठा असतो की एकामागून एक कार्यशाळांना बसणे हाच शहाणपणाचा व्यवहार ठरतो. मग एक संस्था मलेरियाचे शिकवते, दुसरी क्षयाचे, तिसरी कुपोषणाचे, आणि केंद्रावर झाडूवाला गोळ्या देत असतो.

लोकांनीच देखरेख ठेवावी हा उपाय फार लोकप्रिय आहे, म्हणून त्याची गोष्ट पूर्ण सांगतो. युगांडात ५० केंद्रांच्या परिसरात एक प्रयोग झाला. गावकऱ्यांना केंद्राच्या कामगिरीचे गुणपत्रक दाखवले, त्यांची व कर्मचाऱ्यांची बैठक घडवली आणि सुधारणेचा आराखडा ठरवला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांखालील मृत्युदरात ३३ टक्के घट दिसली. हा आकडा जगभर गाजला. पुढे त्याच देशात ३७६ केंद्रांवर तसाच प्रयोग अधिक मोठ्या प्रमाणावर करण्यात आला, तेव्हा सेवेच्या दर्जात थोडीफार सुधारणा दिसली, पण मृत्युदरात घट दिसली नाही. आपल्या टिपणात पहिला निष्कर्ष घ्यायचा असेल तर दुसराही त्याच परिच्छेदात द्यावा. कर्मचाऱ्याची नेमणूक, बदली आणि पगार राजधानीत ठरत असतील, तर गावकऱ्यांच्या नाराजीचा त्याच्यावर किती परिणाम व्हावा?

कामगिरीनुसार पैसे देण्याचा मार्ग रवांडाने २००६ पासून देशभर अवलंबला. केंद्रात झालेली प्रत्येक प्रसूती, प्रत्येक तपासणी यांसाठी केंद्राला रक्कम मिळे आणि गुणवत्तेच्या गुणांनुसार ती कमी होई. तुलनात्मक अभ्यासात केंद्रातील प्रसूतींमध्ये २३ टक्के वाढ आढळली. मात्र गर्भवतींच्या चारही तपासण्या पूर्ण होण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. त्याच सुमारास सामुदायिक विमाही देशभर पसरत होता आणि सर्वांत गरिबांचा हप्ता सरकार व देणगीदार भरत होते, हे लक्षात घ्यावे. इतर देशांनी यातील पैशाचा भाग उचलला, पण आकड्यांची पडताळणी करणारी शिस्त उचलली नाही, आणि मग प्रसूतींपेक्षा त्यांच्या नोंदी वेगाने वाढल्या.

काय मोजायचे यावरच सारे अवलंबून असते. याचे मला ठाऊक असलेले सर्वोत्तम उदाहरण १९८० च्या दशकातील बांगलादेशाचे आहे. तो देश तेव्हा जगातील अतिगरीब देशांत गणला जाई. ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघरी जाऊन आईला जलसंजीवनी करायला शिकवत: तीन बोटांच्या चिमटीत मावेल एवढे मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. त्यांचा मोबदला किती घरांना भेटी दिल्या यावर ठरत नसे. काही काळाने दुसरी व्यक्ती जाऊन निवडक मातांना विचारत असे, आणि आईला जेवढे आठवे त्यानुसार शिकवणारीला पैसे मिळत. साहजिकच शिकवणारी आईकडून तिथल्या तिथे मिश्रण करवून घेऊ लागली, स्वतः चव घेऊन दाखवू लागली. एक कोटीहून अधिक घरांपर्यंत हे काम पोहोचले. गैरहजेरी कशी रोखावी हा प्रश्न त्या रचनेत उद्भवलाच नाही.

पायवाट

तिन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. एक शंका उरते. सेवक, औषधे आणि शुल्कमाफी यांमुळे लोक केंद्रापर्यंत येतील हे पटले; पण आल्यानंतर त्यांना मिळणाऱ्या उपचाराचा दर्जा कोण पाहणार? आणि हिशेबनीस यांचे म्हणणे मान्य केले, तर रुग्णालय बांधूच नये असा अर्थ होतो का?

उत्तर ४ – प्रसूतिकक्ष

आपली शंका रास्त आहे. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतील आरोग्यसेवेच्या गुणवत्तेवर ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०१८ मध्ये असा अंदाज मांडला, की योग्य उपचाराने टळू शकले असते अशा मृत्यूंपैकी वर्षाला सुमारे ५० लाख मृत्यू उपचार मिळूनही तो निकृष्ट असल्यामुळे होतात, तर सेवेपर्यंत न पोहोचल्याने होणारे मृत्यू ३६ लाख आहेत. म्हणजे दारापर्यंत आणणे हे निम्म्याहून कमी काम झाले.

माता मृत्यूंच्या अभ्यासात तीन विलंबांची मांडणी प्रसिद्ध आहे: घरी निर्णय घेण्यातला विलंब, वाटेतला विलंब आणि पोहोचल्यावर उपचार सुरू होण्यातला विलंब. पहिल्या दोहोंवर भरपूर बोलले जाते. तिसरा मात्र प्रसूतिकक्षात उभे राहून पाहिल्याशिवाय दिसत नाही. रक्तस्राव किती झाला याचा अंदाज नजरेने घेतला जातो आणि तो जवळजवळ नेहमीच कमी पडतो, कारण रक्त कापडात शोषले जाते, फरशीवर पसरते, पाण्यात मिसळते. धोका लक्षात येईपर्यंत बाई फिकी पडलेली असते. यावर केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया येथील ८० रुग्णालयांत एक उपाय तपासला गेला: बाळंतिणीच्या खाली प्लास्टिकचे एक आवरण पसरायचे, ज्याच्या खालच्या टोकाला पिशवी असून तिच्यावर मोजमापाच्या रेघा असतात. ठरलेल्या रेघेला रक्त पोहोचले की कुणाच्या परवानगीची वाट न पाहता गर्भाशय चोळणे, ऑक्सिटोसिन, रक्तस्राव कमी करणारे ट्रॅनेक्झामिक ॲसिड, सलाईन आणि तपासणी हे सारे एकापाठोपाठ एक न थांबता लगेच सुरू करायचे. २०२३ च्या निष्कर्षांनुसार रक्तस्राव ओळखला जाण्याचे प्रमाण ५१ टक्क्यांवरून ९३ टक्क्यांवर गेले आणि तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावे लागणे किंवा त्यामुळे मृत्यू होणे या एकत्रित घटनांत ६० टक्के घट झाली. हे देश सगळे कमी उत्पन्नाच्या गटातील नाहीत, परंतु या उपायात महागडे असे काहीही नाही.

रुग्णालयाबद्दल सांगायचे तर ते हवेच. अडलेल्या बाळंतिणीला शस्त्रक्रिया लागते. गावातील सेविका कितीही कुशल असली तरी ती तिला पुढे पाठवू शकते, आणि पाठवण्यासाठी पुढे काहीतरी असावे लागते. मात्र शस्त्रक्रिया म्हणजे विशेषज्ञ डॉक्टर, हे समीकरण सोडावे लागेल. मोझांबिकने १९८४ पासून डॉक्टर नसलेल्या अनुभवी कर्मचाऱ्यांना काही वर्षांचे शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण देण्यास सुरुवात केली. जिल्हा रुग्णालयांतील सिझेरियनचा बहुतांश भार पुढे त्यांनीच उचलला, त्यांचे निकाल डॉक्टरांच्या तोडीचे आढळले, आणि पदवीधर डॉक्टर ग्रामीण भाग सोडून गेल्यावरही ते तेथे टिकून राहिले. डॉक्टरांच्या संघटनांना ही व्यवस्था सहसा आवडत नाही. ते समजण्यासारखे आहे, पण त्यांच्याकडे पर्यायी माणसेही नसतात. तेव्हा रुग्णालय बांधताना खाटांची संख्या कमी ठेवावी आणि रक्तपेढी, ऑक्सिजन, अखंड वीज, पाणी आणि भूल देणारा माणूस या पाच गोष्टींना आधी जागा द्यावी.

पायवाट

शेवटचा एक प्रश्न. टिपणासाठी मी ज्या आकडेवारीचा आधार घेत आहे ती बरीचशी जिल्ह्यांच्या मासिक अहवालांतून आलेली आहे. तिच्यावर किती विसंबावे?

उत्तर ५ – निरीक्षक

डीएचआयएस-२ ही ऑस्लो विद्यापीठातून पुढे विकसित झालेली, आरोग्यकेंद्रांचे आकडे एकत्र करणारी मुक्त संगणकप्रणाली आता अनेक गरीब देशांत वापरली जाते, त्यामुळे अहवाल पूर्वीपेक्षा वेळेवर येतात आणि नकाशे सुबक दिसतात. परंतु आकड्याचा उगम अजूनही केंद्रावरील कागदी रजिस्टर हाच आहे. एकेका कार्यक्रमाचे वेगळे रजिस्टर असल्याने परिचारिका एकाच गर्भवतीचे नाव चार-पाच ठिकाणी लिहिते, आणि महिनाअखेरीस रेघा मोजून बेरीज करते. ज्या आकड्याचा तिला स्वतःला काहीही उपयोग नाही, तो ती काळजीपूर्वक मोजेल अशी अपेक्षा धरणे व्यर्थ आहे. जेथे दर महिन्याच्या बैठकीत केंद्राचे आकडे केंद्रालाच परत दाखवून त्यावर बोलणे होते, तेथे नोंदी सुधारलेल्या दिसतात.

आपल्यापुरता एक व्यवहार्य मार्ग सुचवतो. लसीकरणाचे आणि केंद्रातील प्रसूतींचे अहवालातील प्रमाण घरोघरच्या लोकसंख्या-आरोग्य पाहणीतील प्रमाणाशी ताडून पाहावे. बहुतेक देशांत अशी पाहणी आतापर्यंत दर काही वर्षांनी होत आली आहे आणि तिची आकडेवारी खुली असते. अहवालात लसीकरण शंभर टक्क्यांच्या पुढे गेलेले दिसले, तर बहुधा लोकसंख्येचा जुना अंदाज छेदस्थानी आहे. दोन स्रोतांतील अंतर थोडे असेल तर मासिक आकडे कल पाहण्यासाठी वापरावेत. ते फार असेल, तर त्या जिल्ह्याचे आकडे मुख्य तक्त्यात न घालता तळटीपेत घालावेत आणि अंतर किती आहे तेही तेथेच नोंदवावे.